पतीचे नाव सांगा

“मी मीच हाये का नाही, एवढं सांग फक्त. मग उठते.”

बाई बाकावर बसली होती. मांडीवर पिशवी, हातात मोबाईल, आणि मोबाईलवर आमच्याच ऑफिसचा मेसेज. तो तिने मला परत परत वाचायला लावला होता. ‘आपली ओळख पटू शकली नाही. आपला अर्ज पुढे पाठवता येणार नाही. धन्यवाद.’

“मावशी, हा मेसेज मशीन पाठवतं. मी नाही पाठवला.”

“मग त्याले बोलाव.”

“कोणाला?”

“मशीनले. मी काय खोटं बोलली ते माझ्या तोंडावर सांग म्हणा.”

मला हसू येत होतं, पण तिच्याकडे बघून हसता येत नव्हतं.

सिंधूबाई तायडे. पंचेचाळीसच्या आसपास असेल. केळीच्या चिकाने बोटं काळी पडलेली, कितीही धुतली तरी डाग न निघणारी. आमच्याकडे केळीत राबलेल्या माणसाची बोटं अशीच असतात.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. बारावीनंतर कॉलेज जमलं नाही. कोडिंग शिकलो ते मोबाईलवर व्हिडिओ बघून, आणि मग मामाच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर. सावद्याला खताच्या दुकानाच्या वर सपकाळे सरांचं ऑफिस होतं, कारखान्यांना माणसं पुरवायचं. तिथं लागलो. दिवसभर खताचा वास, पण स्वतःचा लॅपटॉप होता, त्यामुळे मी खूश.

त्या वर्षी गावाबाहेर केळीचं नवं पॅकहाऊस उभं राहत होतं. घड आला की फण्या सुट्या करायच्या, धुवायच्या, स्टिकर लावायचा, खोक्यात भरायच्या. माल परदेशात जाणार. धुण्या-भरण्याला बायका हव्या होत्या, खोकी चढवायला पोरं. भरतीचं काम आमच्याकडे. आणि मुलाखत घ्यायला माणूस नव्हताच, पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. ते फोन करायचं, गोड बाईच्या आवाजात चार प्रश्न विचारायचं आणि शेवटी स्क्रीनवर एक गोल दाखवायचं. हिरवा म्हणजे घ्या. लाल म्हणजे मेसेज आपोआप जातो. आम्ही त्या आवाजाला ‘मॅडम’ म्हणायचो. मॅडमने हिरवा दिला, मॅडमने लाल दिला.

कॉल रेकॉर्ड व्हायचे, पण कोणी ऐकत नव्हतं. ऐकत बसायचं तर मशीन कशाला घेतलं?

“थांबा, तुमचा कॉल ऐकू,” मी म्हणालो. ती जाणार नाही हे मला कळलं होतं.

स्पीकरवर लावला.

“आपले नाव सांगा.”

“सिंधू तायडे.”

“आपले गाव?”

“निंभोरा.”

“याआधी कोणते काम केले आहे?”

“केळीचं. काटणीपासून गाडी भरण्यापर्यंत सगळं. तुमच्याकडचं फण्या धुवायचं तर मी गप्पा मारत करीन.”

बाई एकदम खणखणीत. मला वाटलं आता हिरवा होणार.

“पतीचे नाव सांगा.”

मग काहीच नाही. मागे कुठेतरी पाण्याचा पंप चालल्याचा आवाज. कॉल कट झाला की काय म्हणून मी स्क्रीनकडे बघितलं. मग ती हळू बोलली, “भास्कर.”

आणि लाल.

“बरोबर सांगितलं ना मी?” सिंधूबाईने पिशवीतून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. सिंधू भास्कर तायडे. “आता मले सांग, यात खोटं काय?”

मी कार्डावरचं नाव परत वाचलं.

“शनिवारी यादी जाते ना पॅकहाऊसले?” तिने विचारलं.

“हो.”

“आज गुरुवार. हे बघ बेटा, इतकी वर्षं मुकादमाच्या हाताखाली काम केलं. त्याच्या मनात आलं तर काम, नाही तर घरी. आणि मनात यायसाठी काय काय करायले सांगायचा ते तुले सांगत नाही, तू लेकरासारखा हाये. मशीन घेणार आहे म्हणे मुलाखत, असं ऐकलं तेव्हा मले बरं वाटलं. मशीन हात तर धरणार नाही. मशीन काम बघीन.” तिने कार्ड परत पिशवीत टाकलं. “उद्या परत येते. तोवर विचारून ठेव त्याले.”

*

सर दुपारी आले. मी कॉल ऐकवला.

“अडखळली,” सर म्हणाले. “संपलं.”

“पण नाव बरोबर आहे सर.”

“कल्पेश, इकडे ये. बस. आपण आधी सिक्युरिटी गार्डची भरती करायचो तेव्हा काय व्हायचं, एकाच्या नावावर दुसराच यायचा. कागद एकाचे, माणूस दुसरा. हे मशीन आलं आणि बंद झालं. का माहितीये? खोटा माणूस स्वतःचं नाव पाठ करून येतो, पण बापाचं नाव विचारलं की अडखळतो. मशीनने ते पकडलं. हजारो कॉल ऐकून शिकलंय ते. तू शिकलास त्यापेक्षा जास्त.”

“ते गार्ड सगळे पुरुष होते ना?”

“मग?”

“इथं बायका आहेत.”

“मशीनला बाई-पुरुष कळतच नाही,” सर खुशीत म्हणाले. “म्हणून तर घेतलं. मुकादमाची मर्जी नाही, कोणाची जात नाही, ओळख नाही, वशिला नाही. सगळ्यांना एकच फूटपट्टी. याहून न्यायाचं काय पाहिजे तुला?”

सपकाळे सर वाईट माणूस नव्हते. हे ते मनापासून बोलत होते.

मी कानाला हेडफोन लावला आणि सगळे लाल कॉल ऐकायला बसलो. कोणी सांगितलं नव्हतं. मला चैन पडेना, एवढंच.

लाल झालेल्या सगळ्या लग्न झालेल्या बायका होत्या. पोरींना मॅडम वडिलांचं नाव विचारायची, त्या फटाफट सांगायच्या, हिरव्या व्हायच्या. बायकांना पतीचं नाव, आणि तिथंच सगळं अडायचं. एक नुसतीच हसत होती. एक म्हणाली, “आमचे मालक हायेत ना, ते.” एकीने फोनच पोरीकडे दिला, “बबली, सांग गं तुझ्या पप्पाचं नाव.” तिला तर दोन लाल, एक थांबल्याचा आणि एक दुसऱ्याच्या आवाजात उत्तर दिल्याचा. एका म्हातारीने उखाणा सुरू केला, “पॅकहाऊसच्या दारावर नवी कोरी पाटी,” आणि तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “धन्यवाद.” उखाण्यात नाव शेवटी येतं. तिथपर्यंत मॅडम थांबल्याच नाहीत.

मी सरांना ऐकवलं. उखाण्याला ते हसले, पण मानले नाहीत.

“जुन्या बायका आहेत. शिकलेल्या बाईला असं होणार नाही.”

“वहिनी शिकलेल्या आहेत ना?”

“एम.ए. बी.एड. का?”

“मॅडमकडून त्यांना फोन लावू?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच नंबर टाकला. स्पीकर चालू केला आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

“आपले नाव सांगा.”

“उज्ज्वला सपकाळे. कोण बोलतंय?”

“आपले गाव?”

“सावदा. अहो, पण तुम्ही कुठून?”

“याआधी कोणते काम केले आहे?”

“मी शिक्षिका आहे. हे काय सर्वेक्षण आहे का?”

“पतीचे नाव सांगा.”

वहिनी थांबल्या. घसा साफ केला. मग म्हणाल्या, “सपकाळे सर.” आणि स्वतःलाच हसू आलं त्यांना. “म्हणजे, तेच हो. सगळे ओळखतात त्यांना.”

लाल.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी स्क्रीनकडे बघत राहिलो, त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

“वीस वर्षं झाली लग्नाला,” ते म्हणाले. “मला वाटायचं ही मला फक्त शाळेतल्या लोकांसमोर सर म्हणते.”

“आता?”

“आता वेळ वाढव. पतीच्या नावाला जास्त वेळ थांबायला लाव मॅडमला. तेवढं आपल्या हातात आहे ना?”

तेवढं होतं.

*

शुक्रवारी सकाळी सिंधूबाई माझ्याआधी येऊन जिन्यात बसली होती. मी एकदम जोशात.

“मावशी, कळलं काय झालं ते. तुम्ही बायका नवऱ्याचं नाव घेत नाही ना, मान म्हणून. मशीनला ते माहिती नव्हतं. आता त्याला थांबायला शिकवलंय. निवांत सांगा.”

“मान?” ती म्हणाली. “कोणाचा मान?”

मी खालच्या पायरीवर बसलो.

“भास्कर गेला तेव्हा माझी पोरगी नुकती चालायले लागली होती. आता तिचं लग्न झालं. तो आहे कुठं, नाही कुठं, मले माहिती नाही. नाव घ्यायची लाज वाटायले तो होता कोण?” ती अजिबात चिडून बोलत नव्हती. बाजारात भाव सांगावा तसं सांगत होती. “घरात सामान मी भरलं. पोरीची फी मी भरली. तिच्या लग्नात मांडवात मी एकटी उभी होती. आणि तुमची ती बाई, बोलता बोलता एकदम विचारते, पतीचं नाव. मी विचार करत होती, सांगू का नको. म्हटलं इथंही त्याचंच लागते का?”

खाली दुकानात कोणीतरी खताची गोणी आपटली.

“कार्डावर हाये ते राहू दे,” ती म्हणाली. “तोंडातून काढायले लावू नका.”

“आणि परत विचारलं तर?”

“नोकरीसाठी सांगीन ना. पण थांबणार मी. ते माझ्या हातात नाही.”

सर तोपर्यंत जिना चढून आले होते. त्यांनी किती ऐकलं माहिती नाही, पण चप्पल काढताना ते तिच्याकडे न बघता म्हणाले, “ताई, तुम्ही जा घरी. तुमचं मी हाताने हिरवं करतो. काम झालं समजा.”

मला वाटलं, सुटलो.

“नको,” सिंधूबाई म्हणाली.

“अहो, का नको?”

“साहेब, मर्जीनं हिरवं करायले मुकादम होताच की.”

सर दारातच उभे राहिले. एक चप्पल पायात, एक हातात.

“मले तुमच्या मशीनकडूनच पाहिजे,” ती म्हणाली. “बाकीच्यांना जसं भेटते तसं.”

आत गेल्यावर सरांनी खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढली. मग म्हणाले, “प्रश्नच बदलू. पण ओळखीसाठी घरातलं एक नाव तर लागेल. कोणाचं विचारायचं?”

“आईचं,” मी म्हणालो. “सगळ्यांना. बाई असो, पोरगी असो, पुरुष असो. आई तर सगळ्यांना असते.”

“हे भारी आहे,” सर म्हणाले. मलाही ते इतकं भारी वाटलं की मी लगेच प्रश्न टाकला आणि कॉल सुरू केले. त्या दिवशी आधी खोकी चढवणाऱ्या पोरांचा नंबर होता. म्हटलं, त्यांचं झालं की बायका.

थोड्या वेळाने सर ओरडले, “कल्पेश, हे काय रे भो? पोरं सगळी लाल!”

मी कॉल लावले.

“आईचे नाव सांगा.”

“आईचं? कशाला?”

दुसरा. “आईचे नाव सांगा.” बराच वेळ शांतता, मागे मित्रांचा कालवा, मग हा एकदम कुजबुजत, “मंगला.”

तिसरा सरळ म्हणाला, “बापाचं विचारा ना, बापाचं सांगतो.”

मला आधीच सुचायला पाहिजे होतं. मी पण इथल्याच शाळेत शिकलो. आमच्याकडे पोराच्या आईचं नाव वर्गात कळलं की खेळ खल्लास. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच नावाने हाका. माझ्या आईचं नाव दहावीपर्यंत मी कोणाला कळू दिलं नव्हतं. गॅदरिंगच्या पत्रिकेवर बाबांचंच लिहिलं.

सर पोट धरून हसायला लागले. “काल सगळ्या बायका खोट्या होत्या, आज सगळे पुरुष खोटे. सावद्यात खरं माणूस कोणी उरलंच नाही.”

सिंधूबाई बाकावरून बघत होती. तीही हसली.

मग सर हसायचे थांबले. “म्हणजे या थांबण्याला काही अर्थच नाही म्हण.”

“अर्थ आहे सर. पण ज्याचा त्याचा वेगळा. मॅडमला तो कळत नाही.”

“तुला कळतो?”

“मला पण नाही कळला. सकाळी मावशींना मी मान म्हणालो.”

सरांनी पुण्याला फोन लावला. तिथला इंजिनिअर चांगला होता, शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, अडखळण्याचे गुण काढून टाकता येतात, पण मग खोटी माणसं सुटतील. सर म्हणाले, “तुमचं मशीन ज्या कॉलवर शिकलं, त्यात बायका किती होत्या हो?”

पलीकडे शांतता. मग, “बघावं लागेल, सर.”

मॅडमने त्याला पण लाल दिला असता.

“गुण काढून टाका,” सर म्हणाले. “नाव-गाव कार्डाशी जुळलं नाही तर लाल करा, ते बरोबर. आणि जे लाल येतील ते मॅडमने परस्पर कटवायचे नाहीत. आधी आमच्याकडे पाठवायचे. आम्ही ऐकू. माणूस ऐकेल.” मग फोनवर हात ठेवून मला म्हणाले, “माणूस म्हणजे तू.”

संध्याकाळपर्यंत पुण्याहून बदल होऊन आला. आम्ही सगळ्या लाल नंबरांना परत कॉल लावले. सिंधूबाईने घरी जाऊन फोन घ्यायला नकार दिला. बाकावर बसूनच बोलली, लॅपटॉपकडे बघत, जणू मॅडम आत बसलीय.

“आईचे नाव सांगा.”

“द्रौपदा,” ती म्हणाली. जराही थांबली नाही. आणि मॅडम धन्यवाद म्हणेपर्यंत पुढे बोलतच होती, “द्रौपदा सोनवणे, चिनावलची. तीबी केळीतच होती.”

हिरवा.

तिने गोल बघितला. “झालं?”

“झालं.”

“एवढंच होतं?”

*

शनिवारी यादी गेली. तासाभरात पॅकहाऊसच्या ऑफिसातून फोन. सरांनी स्पीकरवर घेतला.

“सपकाळे, एका बाईचा पतीच्या नावाचा रकाना रिकामा आहे. सिंधू तायडे. भरून पाठवा.”

“रिकामा राहू द्या.”

“अहो, फॉर्मला लागतो तो.”

“कार्ड जोडलंय, ओळख पटलीय. नवऱ्याचं कशाला लागतं?”

“सगळ्यांचं असतं.”

“तो कामाला येणार असेल तर लिहितो,” सर म्हणाले. “येणार तर ती आहे.”

पलीकडचा माणूस म्हणाला, “मग ओळखपत्रावर मधलं नाव काय टाकू?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं.

सोमवारी मी ओळखपत्रं वाटायला बसस्टँडजवळ गेलो. पॅकहाऊसची व्हॅन उभी होती. बायका डबे घेऊन, साडीवर स्वेटर घालून. एकेकीला नावाने बोलावून कार्ड गळ्यात घालायला देत होतो. सिंधूबाईचं दिलं. शेजारच्या बाईने ते उलटंपालटं करून बघितलं. हीच ती, पोरीकडे फोन दिलेली, बबलीची आई.

“सिंधू द्रौपदा तायडे. हे मधलं कोणाचं गं?”

“आईचं.”

“असं चालते?”

“चालते म्हणे.”

बबलीच्या आईने स्वतःचं कार्ड बघितलं. मग मला म्हणाली, “मग भाऊ, मले पण बदलून दे ना. त्यांचं नाव घराच्या पाटीवर हाये, रेशनवर हाये, वीजबिलावर हाये. माझ्या आईचं कुठंच लिहिलेलं नाही.”

“मले पण,” मागून कोणीतरी.

“आधी माझं घे.”

“ए, रांगेत.”

मला हे करायचा काही अधिकार नव्हता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी पेन काढलं आणि लिहायला लागलो. कौसाबाई. यमुना. हिराबाई. शेवटी उखाणेवाली म्हातारी आली. तिने तोंड उघडलं, आणि थांबली.

“लई लहान होती मी,” ती म्हणाली. “सगळे तिले बाईच म्हणायचे. पण नाव होतं तिले. थांब हं.”

ड्रायव्हरने परत हॉर्न दिला. मी हात वर करून त्याला थोपवलं.

“आठवा आजी,” मी म्हणालो. “व्हॅन थांबते.”